खांब आपला, नियम कोणाचे?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की काही मैलांवर शिरढोण गाव येते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. १८४५ साली ते येथे जन्मले, पुढे नोकरीसाठी पुण्यास गेले आणि लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत तयार झाले. त्या काळी तालमीत जाणाऱ्या तरुणास ‘तुझा कितवा नंबर आला?’ असे कोणी विचारीत नसे. अंगात रग किती आणि प्रसंग पडला तर ती कामी येणार की नाही, एवढाच हिशेब! परीक्षक एकच, तो म्हणजे वस्ताद. त्याने पाठीवर थाप मारली की मुलगा पास. त्याने तोंड फिरवले की नापास. त्या निकालावर अपील नाही आणि फेरतपासणीही नाही.

आज दिवस नंबरांचे आहेत. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्या नसतील तर त्या खेळाला मुलगा मिळत नाही, मैदान मिळत नाही आणि अनुदान तर नाहीच नाही. तालमीच्या अंधाऱ्या खोलीत वाढलेली एखादी विद्या अशा पायऱ्या चढते कशी, आणि चढताना तिच्या अंगावरचे काय काय गळून पडते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपला मल्लखांब आहेच.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब, हे नावच सांगते. कुस्तीला रोज जोड मिळतेच असे नाही. मग पैलवानाने काय करावे? त्याने लाकडाशीच कुस्ती आरंभली. साग किंवा शिसवी लाकडाचा, खाली जाड व वर निमुळता होत गेलेला, जमिनीपासून सुमारे साडेआठ फूट उंच असा हा प्रतिस्पर्धी. तो थकत नाही, रागावत नाही आणि कधी चीतही होत नाही. त्याला एरंडेल चोपडायचे, मांड्यांच्या पकडीत धरायचे, बगलेत दाबायचे. भाषेच्या मास्तराला तर या विद्येतले शब्दच मोह घालतात. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा! बगलेची ती बगली, खांबाभोवती वेलीसारखा चढतो तो वेल. हे शब्द कोणा पंडिताने कोशात बसून घडविले नाहीत. घामाने निथळणाऱ्या माणसांनी ते आपापसांत बोलता बोलता पाडले.

या विद्येचे वय मोठे आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील मेहनतीचा उल्लेख येतो. मग मध्ये कित्येक शतके सामसूम. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी तिला पुन्हा जीव दिला. निजामाकडील दोन पैलवानांनी आव्हान दिले, बाळंभटांनी वणीच्या सप्तशृंगीला साकडे घातले आणि झाडावर लीला करणाऱ्या वानराच्या रूपाने मारुतीने त्यांना पेच शिकविले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण गुरू वानर होता, ही कल्पना मात्र खांबावरचा चपळ मुलगा पाहिला की अगदी पटते! १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि विद्याही त्याच्याबरोबर उत्तरेस गेली. काशी व बडोदे येथे तिच्या शाखा पसरल्या. राज्य गेले, पण खांब राहिला.

परंतु हे सारे गुरुमुखाने चालले होते. एका तालमीतली तेढी दुसऱ्या तालमीत निराळी, एकाची सलामी दुसऱ्याला अमान्य. कोण चांगला, हे ठरविण्यास जो तो आपापल्या गुरूकडे बोट दाखवी. स्पर्धा भरण्यापूर्वी एक निरस पण मोठे काम व्हावे लागते, ते म्हणजे नावे लावण्याचे. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड संपादून ते केले. ज्याला नाव नाही त्याला गुण कसे देणार?

स्वातंत्र्यानंतर मल्लखांब देशाच्या मैदानात उतरला तो पाहुणा म्हणून. १९५८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत त्याची प्रात्यक्षिके झाली. लोक थक्क झाले. १९६२ साली ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत तो खेळ म्हणून दाखल झाला. सगळीकडे आनंदीआनंद! पण दुसऱ्याच्या घरातील पाहुण्याने किती दिवस राहावे, हे घरधनी ठरवतो. १९६८ पासून काही वर्षे त्याला त्या स्पर्धेतून वगळण्यात आले. खांब तोच होता, मुले तीच होती, एरंडेलही तेच. केवळ एका यादीतून नाव गेले आणि राष्ट्रीय खेळाडू होऊ पाहणारी मुले एका दिवसात गल्लीतली कसरतपटू ठरली.

या ठिकाणी उज्जैनच्या बमशंकर जोशी यांचे ऋण मानले पाहिजे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीच्या दशकात उज्जैनला अखिल भारतीय स्पर्धा भरविली, ठिकठिकाणचे जाणते लोक एकत्र बसविले आणि नियमांचा काथ्याकूट केला. १९८१ च्या जानेवारीत नव्या नियमांनी अखिल भारतीय स्पर्धा पार पडली. मल्लखांबाला स्वतःचे घर मिळाले. मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. पदक, हार, बँड यांनी स्पर्धा उभी राहत नाही. आपले वस्ताद बाजूला ठेवून दहा गावांची माणसे एका कागदावर सह्या करतात, तेव्हा ती उभी राहते.

स्वतःचा कागद नसला तर काय होते, हे आपल्या कुस्तीला विचारावे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर, परक्या नियमांनी लढावे लागले. ते सहावे आले. त्यांनी ते नियम आत्मसात केले आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. त्यांच्या थोरवीला तोड नाही. पण वाट कोणाला बदलावी लागली? मातीला! जपानच्या जिगोरो कानो यांनी उलट केले. १८८२ साली त्यांनी जुन्या जुजुत्सूतून ज्यूदो बांधला, त्याची शिस्त व नियम स्वतः ठरविले. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदो शिरला तेव्हा साऱ्या जगाला जपानी शब्द शिकावे लागले. आपल्याकडे कबड्डीनेही हीच वाट धरली. गावोगावचे हुतूतू एका नियमात बसले, १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पोचली.

अर्थात नियमांची किंमत मोजावी लागते. कुस्तीगिराला खांबावर पकड हवी होती, दम हवा होता. पंचाला हवी असते सफाई, अवघड जोडणी, तोल आणि मोजक्या सेकंदांत बसणारा संच. त्यामुळे खांबावरचा देह बदलला. आडदांड पैलवान खाली उतरला आणि वेतासारखा लवचीक मुलगा वर चढला. जुने जाणते हळहळतात, की ही कुस्तीची विद्या राहिली नाही, कसरत झाली. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण या बदलाने एक दार उघडले, ते त्यांनीही पाहावे. तालमीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या मुली आत आल्या. पूर्वीच्या वेताच्या जागी आलेल्या सुती दोरीवर त्यांनी असे नैपुण्य दाखविले की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. आणि आता त्या पुरलेल्या खांबावरही चढतात. विद्या थोडी बदलली आणि तिचे घर दुप्पट झाले. हा सौदा तोट्याचा कसा म्हणावा?

आणि आजचे चित्र पाहा. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. २०१९ च्या फेब्रुवारीत दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्यामागे झटणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत गटका, कलरीपयट्टू व थांग-ता यांच्या पंगतीत मल्लखांब बसला. त्याच वर्षी गुजरातेतील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही त्याला स्थान मिळाले आणि सागर ओव्हाळकर यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. तमिळनाडूत विळुप्पुरमला ही विद्या रुजली आहे. छत्तीसगडच्या नारायणपुरातील अबूझमाडची आदिवासी मुले खांबावर अशी काही तयार झाली की २०२३ साली दूरदर्शन-संचावरील एका देशव्यापी कलास्पर्धेत त्यांनी विजेतेपद पटकावले. बाळंभटदादांना हे सांगितले असते तर त्यांनी सप्तशृंगीला पुन्हा एकदा नारळ वाहिला असता!

मग काळजी कसली? काळजी दहावीची. सहाव्या-सातव्या वर्षी खांबाला बिलगलेले मूल पंधराव्या वर्षी ऐन रंगात येते, आणि नेमका तेव्हाच शिकवणीचा वर्ग त्याला खांबावरून खाली ओढतो. आईबापांना दोष देऊ नये. ते विचारतात, ‘सर, पुढे काय?’ क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीतल्या पाच टक्के राखीव जागा आहेत; पण त्या सर्वांचा आधार पुन्हा तीच यादी! मान्यताप्राप्त खेळांच्या यादीत नाव असेतोवर मुलगा राष्ट्रीय खेळाडू. नाव निघाले की प्रमाणपत्र भिंतीवर टांगायचे. १९६८ चा धडा विसरून चालणार नाही. सरकारचे अनुदान आनंदाने घ्यावे, दूरदर्शनच्या टाळ्याही घ्याव्यात. पण घर त्यांच्या भरवशावर ठेवू नये.

घर कशाने टिकते? पंचांनी. एका राज्यात दिलेले गुण दुसऱ्या राज्यालाही रास्त वाटतील असे निःपक्षपाती, अभ्यासू पंच तयार करणे हे पदके वाटण्याहून कठीण काम आहे. ‘आपला मुलगा’ म्हणून वाढविलेला अर्धा गुण दहा वर्षांची मेहनत मातीत घालतो. खेळ सोडलेल्या तरुणांना पंच आणि शिक्षक म्हणून याच घरात जागा मिळाली, तर ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे थोडेफार उत्तर तिथेच मिळेल.

आणि दुसरे म्हणजे खांबांनी. आमचे पनवेल २०१६ साली महानगरपालिका झाले, तालुक्यात विमानतळ आला, मोकळी जमीन दिसेल तेथे मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांच्या नकाशात पोहण्याचा तलाव असतो, मोटारींसाठी मजले असतात. साडेआठ फुटी खांबाला जागा किती लागते? चार सतरंज्यांची! प्रत्येक शाळेच्या अंगणात एक खांब, त्याच्याखाली मऊ माती अथवा गादी आणि बाजूला डोळ्यांत तेल घालून उभा असलेला एक शिक्षक, एवढ्यावर राष्ट्रीय स्पर्धेची पहिली पायरी बांधून होते. वरच्या पायऱ्या दिल्लीत बांधल्या जातील, उज्जैनला बांधल्या जातील. ही एक मात्र ज्याने त्याने आपल्याच अंगणात बांधायची आहे.

या दिवाळीत मुलांनी केलेल्या किल्ल्यावर मातीचे मावळे उभे राहतील. किल्ला आवरून झाला की त्या मुलांना जवळच्या आखाड्यात घेऊन जा. हातांना एरंडेल लागू द्या. पहिल्या दिवशी ती घसरतील, दुसऱ्या दिवशीही घसरतील. तिसऱ्या दिवशी अढी बसेल, आणि मग त्यांना खाली उतरविणे तुम्हांला जड जाईल.