आपण दिसतो का?

डिसेंबरातली पहाट होती. लातूरच्या उद्योग भवन परिसरातल्या शिकवण्यांसाठी पोरे अंधारातच सायकली काढतात. मी औसा रस्त्याने गाडी चालवत शहराकडे येत होतो. समोरून उसाच्या ट्रकचा झोत डोळ्यांवर आला. तो सरला, तेव्हा पुढ्यात अवघ्या काही हातांवर सायकलवर एक मुलगी! काळा स्वेटर, काळी ओढणी. करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावले.

‘‘काका, दिसत नाही का?’’ ती रागाने म्हणाली.

‘‘बाळ, खरंच नव्हतीस दिसत,’’ मी म्हणालो.

माझ्या दिव्यांचा उजेड तिच्या पुढच्या रस्त्यावर पडला होता. ज्याचा उजेड आपल्याला दिसतो त्याला आपणही दिसतो, अशी तिची समजूत. घात होतो तो इथेच. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते, आणि पाय ब्रेकवर पडायलाच तेवढा वेळ लागतो.

आमच्या लहानपणी सायकलला डायनामो असे. तो चाकाला टेकवला की पायडल जड होई. म्हणून पोलीस दिसला तरच आम्ही तो टेकवायचो! दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून आणि दंड चुकावा म्हणून, एवढेच ठाऊक. आपण इतरांना दिसावे म्हणूनही तो असतो, हे गाडीच्या काचेमागे बसल्यावर उमगले.

आता बॅटरीवरचा लुकलुकणारा लाल दिवा मिळतो. तोही नसेल, तर निदान ‘रेडियम’ची पट्टी लावावी. नावापुरतेच रेडियम, तिला स्वतःचा प्रकाश नसतो. पडलेला उजेड ती आला त्या दिशेने परत धाडते. मात्र चिखलाने माखली किंवा दप्तराआड गेली की तिचा उपयोग संपला. पट्टी मागच्या मडगार्डवर तर हवीच, पण पायडलवर आणि घोट्यांशीही असावी. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत असे आढळले, की घोटे-गुडघे चमकत वरखाली होताना दिसले की हा सायकलस्वार आहे, हे चालकाला अधिक लांबून ओळखू येते.

अर्थात, सारा भार पोरांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. डोळे दिपले की वेग कमी करायचा, हे त्या पहाटे मी विसरलो होतो. परवा रेडियमवाल्याकडून पट्ट्या आणल्या आणि गल्लीतल्या सगळ्या सायकलींना लावल्या. पोरे हसली. हसू देत; दिसली म्हणजे झाले.