थेरपी लागू पडली नाही, तर बिल कोणाच्या नावावर?

समजा, अल्फारेटात राहणारी तुमची मैत्रीण सहा महिने थेरपी घेते आहे. दर आठवड्याला ऑफिसातून लवकर निघायचं, जॉर्जिया 400च्या गर्दीतून वाट काढायची, को-पे भरायचा. तरीही झोप लागत नाही, उदासी वाढलीच आहे. "मीच कमी पडले," असं ती म्हणते. तुम्हालाही ते पटतं. पण जरा थांबा.

अल्फारेटाहून दक्षिणेला अटलांटात एमरी विद्यापीठ आहे. तिथले मानसशास्त्रज्ञ स्कॉट लिलियनफेल्ड यांनी 2007 साली अपाय करू शकणाऱ्या मानसोपचारांवर एक लेख लिहिला. त्यातलं एक उदाहरण पाहा. मोठ्या आघातातून नुकत्याच वाचलेल्या माणसाला लगेच सगळा प्रसंग बोलायला लावायचा. 'मन मोकळं केलं की बरं वाटतं' हे आपल्यालाही पटतं. पण चाचण्यांमध्ये अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळला नाही, आणि काहींमध्ये तो वाढलेला दिसला.

थेरपिस्टला हे कळत नाही का? 2005 सालच्या एका अभ्यासात 550 जणांपैकी कोणाची स्थिती बिघडेल, असं थेरपिस्टांना विचारलं. त्यांनी 3 जण सांगितले. प्रश्नावलीनुसार बिघडली 40 जणांची! यात लबाडी नाही. बरा झालेला माणूस येणं थांबवतो, निराश झालेलाही थांबवतो. खुर्ची दोन्ही वेळा रिकामीच दिसते.

किंमत मात्र रुग्ण मोजतो: पैसा, वेळ आणि वर अपराधीपणा. जॉर्जियाने 2022 साली कायदा करून मानसिक उपचारांना शारीरिक उपचारांच्या बरोबरीने विमा मिळावा, अशी तरतूद केली. पण विमा बैठका मोजतो, गुण आला का ते नाही. घरच्यांची समजूत घालून पहिल्यांदा गेलेला आपला माणूस एकदा पोळला, की पुन्हा कुठेच जात नाही. सगळ्यात मोठं नुकसान हेच.

म्हणून थेरपी सोडू नका. बहुतेकांना तिचा फायदाच होतो. फक्त मोजा. उदासीसाठी 'पीएचक्यू-9' ही 9 प्रश्नांची यादी असते, गुण 0 ते 27. ती दर काही आठवड्यांनी भरून थेरपिस्टसमोर ठेवा. गुण खाली येत नसतील, तर "आता काय बदलायचं?" असं सरळ विचारा. थेरपिस्टला असे आकडे नियमित दाखवले, तर घसरणाऱ्या रुग्णांना सावरता येतं, असं अभ्यास सांगतात. जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र वाट न पाहता 988 फिरवा.

तापाचं औषध लागू पडलं नाही, तर आपण औषध बदलतो, आजाऱ्याला बोल लावत नाही. मैत्रिणीला आज एवढंच सांगा.