तारुण्यपीटिका व वनस्पतिज तेले

तारुण्यपीटिका अथवा मुरुमे हा केशपुटक व त्याला जोडलेली त्वक्‌स्नेह ग्रंथी यांचा विकार होय. यौवनारंभी पुं-हॉर्मोनांच्या प्रभावाने ग्रंथींचा स्राव वाढतो, मृत कोशिका साचून केशपुटकाचे मुख बुजते आणि आत क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस (२०१६ पूर्वीचे नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस) या सूक्ष्मजंतूंमुळे दाह वाढतो. अशा त्वचेला तेल मानवते का, या प्रश्नाचे उत्तर तेलातील वसाम्लांवर व तेल वापरण्याच्या रीतीवर अवलंबून असते.

खोबरेलात सु. ४५ ते ५० टक्के लॉरिक अम्ल असते. प्रयोगशाळेत हे अम्ल वरील सूक्ष्मजंतूंना मारक ठरते. तथापि सशाच्या कानावरील चाचण्यांत खोबरेल केशपुटके बुजविणाऱ्या तेलांत मोडते. सशाचा कान मानवी त्वचेपेक्षा अधिक संवेदनशील असल्याने या चाचण्यांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ऑलिव्ह तेलात ओलेइक अम्ल विपुल असून त्यामुळे त्वचेचे संरक्षक आवरण शिथिल होते. करडईच्या सर्वसाधारण वाणांच्या तेलात सु. ७५ टक्के लिनोलेइक अम्ल असते. मुरुमे असलेल्यांच्या त्वक्‌स्नेहात हे अम्ल कमी आढळते, म्हणून असे तेल तुलनेने सौम्य मानतात. परंतु त्याने मुरुमे बरी होतात असे सिद्ध झालेले नाही.

टी ट्री तेल हे बाष्पनशील असून वरील स्थिर तेलांहून भिन्न आहे. ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर केलेल्या व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा ५ टक्के लेप उपयुक्त, पण बेंझॉइल पेरॉक्साइडाच्या तेवढ्याच प्रमाणाच्या लेपाहून मंदगती ठरला. त्याचे उपद्रव मात्र कमी होते. हे तेल विरल न करता लावल्यास त्वचेचा क्षोभ होतो.

केसांना लावलेले तेलही कारणीभूत ठरू शकते. केशप्रसाधनांच्या स्निग्धांशामुळे कपाळावर व कानशिलांवर उद्‌भवणाऱ्या मुरुमांचे वर्णन प्लेविग, फुल्टन व क्लिगमन यांनी १९७० मध्ये केले. महाराष्ट्रात डोक्याला तेल लावण्याची प्रथा रूढ असल्याने कपाळावरील मुरुमांच्या बाबतीत ही शक्यता प्रथम पडताळावी. तेल कपाळावर ओघळू न देणे व उशीचा अभ्रा वारंवार बदलणे हितावह असते.

सारांश, तेल हा मुरुमांवरील मुख्य उपचार नव्हे. दुखऱ्या, खोल गाठी असल्यास घरगुती तेलांवर विसंबून वेळ दवडल्यास कायमचे व्रण राहतात. म्हणून अशा वेळी त्वचारोगतज्ञाचा सल्ला त्वरित घेणे आवश्यक असते.