हवा वरच जाते!

मंडळी, "गाडी कुठवर आली?" असे सगळेच विचारतात, म्हणून हा खुलासा.

सुट्या भागांतून मोटार जोडण्याचे वेड ब्रिटनमध्ये जुने. कॉलिन चॅपमन यांची १९५७ सालची लोटस सेव्हन घरी जोडली, तर खरेदी-कर वाचे. १९७३ साली व्हॅट आला, सवलत गेली, वेड राहिले. तेच आम्हा उभयतांना लागले.

दोन हिवाळ्यांत गाडी उभी राहिली, पण ब्रेकचे पेडल स्पंजासारखे दबे. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाशी निपल सैल करून हवा काढायची, असे चार रविवार गेले. लेक म्हणे, "एक चक्कर मारू या ना!" मोह झाला, पण नाहीच म्हटले.

शेवटी उमगले: डावा-उजवा कॅलिपर आम्ही उलट बसवले होते. निपल खाली, हवा वर अडकलेली. बुडबुडा वर जातो, हे सांगायला डॉक्टरेट कशाला हवी! अदलाबदल केली, पेडल घट्ट झाले. सरकारी तपासणी झाली, मग लेकीची चक्करही.

एक विनंती: ब्रेक ऑइलची जुनी उघडी बाटली वापरू नका. ते हवेतली ओल शोषते, लवकर उकळते, आणि ऐन उतारावर पेडल तळाला जाते.