उसाचा रस आणि ब्राझील देशाची ‘कशासा’

मांजरेच्या काठी लातूरकडे असो वा गोदावरीच्या खोऱ्यात नांदेडकडे, ऊस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गुऱ्हाळ येते : चुलवणात जळणारी चिपाडे, काहिलीत उकळणारा रस आणि ताजा गूळ. याच रसापासून दूर ब्राझील देशात ‘कशासा’ नामक मद्य काढतात. विद्येसाठी वा नोकरीनिमित्त हल्ली आपल्या घरांतील मुलेमुली देशांतरी जातात. त्यांच्यापुढे हा पेला एखादे वेळी येणे अगदी संभवनीय आहे. घरात मद्याचे नावही काढणे अनेकांस रुचत नाही. तथापि जी वस्तू ओळखताच येत नाही, ती नाकारावी तरी कशी? म्हणून हा अल्प परिचय.

आपल्या ग्रंथकारांस ही वस्तू अपरिचित नव्हती. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात गौडी, पैष्टी व माध्वी अशी त्रिविध सुरा सांगून तिचा निषेध केला आहे. त्यांतील गौडी ती गुळाची. आयुर्वेदात उसाच्या रसाच्या मद्यास ‘सीधु’ म्हटले असून, शिजविलेल्या रसाचा तो पक्वरस व कच्च्या रसाचा तो शीतरस, असे त्याचे भेद केले आहेत. कशासा ही या शीतरसाच्या जातीची होय. तिच्यासाठी ताजा रस न शिजविताच आंबवितात; मात्र पुढे तो भट्टीत तापवून त्याचा अर्क उतरवितात, त्यामुळे ती फार तीव्र होते.

लहान कारागिरांची भट्टी तांब्याची असते. प्रथम उतरणाऱ्या अर्कास ते ‘डोके’ म्हणतात व शेवटच्यास ‘शेपूट’; ही दोन्ही बाजूस काढून मधले ‘काळीज’ तेवढे ठेवितात. त्यांतील काही लाकडी पिंपांत मुरवितात. आपल्याकडील देशी दारू बहुधा साखर निघाल्यावर उरलेल्या मळीच्या मद्यार्कापासून होते. ‘रम’ही बहुतांशी मळीचीच. कशासा मात्र रसाची, हा मुख्य भेद.

ऊस हा ब्राझीलचा मूळचा नव्हे. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात तेथे नेला. त्यांच्या भाषेतील साखरेचा शब्दही अरबांच्या द्वारे आपल्या ‘शर्करा’ शब्दापर्यंत पोहोचतो. त्या गोडीमागे मोठे दुःख आहे : आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम त्या मळ्यांत राबत असत, आणि ब्राझीलमधील गुलामगिरी १८८८ साली संपली. कशासेच्या करापायी १६६० साली रिओ दी जानेरो येथे मळेवाल्यांनी बंडही केले होते.

आता व्यवहाराची गोष्ट. ब्राझीलच्या कायद्याप्रमाणे कशासेत मद्यार्काचे प्रमाण शेकडा ३८ ते ४८ असते. साध्या बिअरमध्ये ते सुमारे ५ असते. कशासेत लिंबाच्या फोडी, साखर व बर्फ घालून ‘कायपिरिन्या’ नावाचे पेय करितात. ते दिसावयास थेट आपले लिंबाचे सरबत, आणि लिंबूसाखरेमुळे त्याची तीव्रता जिभेस चटकन कळत नाही. नवख्यास फसविते ते हेच. तेव्हा प्रवासास निघालेल्या मुलामुलींस वडीलधाऱ्यांनी लाज न बाळगता हे नाव व हे प्रमाण सांगून ठेवावे. घ्यावे की न घ्यावे, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. पण सरबत समजून कोणी ते पिऊ नये.