वॉशिंग्टन सरोवराची जलशुद्धी

सिएटल शहरालगतचे वॉशिंग्टन सरोवर पोहणे व नौकाविहार यांसाठी प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास काठच्या वस्त्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी त्यात सोडले जात असे. अशा प्रक्रियेने सेंद्रिय मळ व रोगजंतू पुष्कळ अंशी कमी होतात. विरघळलेले स्फुरद मात्र बव्हंशी तसेच राहते व शैवालाचे पोषण करते. १९५५ मध्ये ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नील-हरित शैवाल तेथे आढळले. झुरिकच्या सरोवराच्या ऱ्हासाशी या जातीचा संबंध पूर्वीच जोडला गेला होता. त्यामुळे वॉशिंग्टन विद्यापीठातील डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी तिला भावी संकटाची पूर्वसूचना मानले.

१९५८ मध्ये मतदारांनी सांडपाण्याच्या प्रादेशिक योजनेस संमती दिली. १९६३ ते १९६८ या काळात ते पाणी टप्प्याटप्प्याने समुद्राकडे वळविण्यात आले. त्यानंतर सरोवरातील स्फुरद झपाट्याने घटले, नत्र त्या मानाने थोडेच. आणि शैवालाची घट स्फुरदाच्या घटीशी जुळली. वाढीस मर्यादा घालणारे द्रव्य कोणते, हे यावरून स्पष्ट झाले. उन्हाळ्यात सुमारे १ मीटर खोलीवरच दिसेनाशी होणारी पांढरी सेकी तबकडी पुढे कितीतरी अधिक खोलवर दिसू लागली. १९७६ पासून डॅफ्निया हे शैवालभक्षी सूक्ष्म कवचधारी प्राणी वाढले व पाणी आणखी निवळले.

तथापि नितळपणा म्हणजे निर्धोकपणा नव्हे. स्नानयोग्यता ठरविण्यासाठी विष्ठाजन्य जंतूंची गणना स्वतंत्रपणे व नियमितपणे करावीच लागते.