पैसा आला आणि कप्पे मोडले: नायजेरियातल्या तिव लोकांची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका छोट्या प्रश्नाने. मित्राने अख्खा रविवार घालवून तुम्हाला घर बदलायला मदत केली. संध्याकाळी तुम्ही त्याला मिसळ खाऊ घातलीत, तर गडी खूश. पण मिसळीऐवजी तेवढेच दीडशे रुपये त्याला यूपीआयने पाठवलेत तर? "मी काय मजुरीवर आलो होतो का?" असं तो म्हणणारच. रक्कम तीच, मग राग कशाचा?

कशाच्या बदल्यात काय द्यायचं, हे फक्त बाजार ठरवत नाही, समाजही ठरवतो. याचं मानववंशशास्त्रातलं एक गाजलेलं उदाहरण आहे नायजेरियातल्या तिव लोकांचं.

बेन्वे नदीच्या खोऱ्यात राहणारा हा शेतकरी समाज. पॉल आणि लॉरा बोहॅनन हे अभ्यासक १९४९ पासून काही वर्षं त्यांच्यात राहिले. पॉल यांच्या लक्षात आलं, की तिव लोकांच्या जुन्या व्यवहारात तीन वेगवेगळे कप्पे होते.

पहिला रोजच्या गरजेचा: याम (आपल्या कोनफळाच्या घराण्यातला कंद), धान्य, कोंबड्या, शेळ्या, अवजारं. दुसरा प्रतिष्ठेचा: गुरं, पितळी सळया, खास पांढरं कापड, आणि गुलामसुद्धा. तिसरा माणसांवरच्या हक्कांचा, मुख्यतः लग्नाचा. एका घरातली मुलगी दिली, की त्या घरातून मुलगी घ्यायची. हे सगळं ठरवणार पालक पुरुष. त्यामुळे ही व्यवस्था फार आदर्श होती, असं समजू नका.

कप्प्याच्या आत देवाणघेवाण अगदी साधी. कोंबडी द्या, धान्य घ्या. पण कप्पा ओलांडला, की इज्जतीचा प्रश्न! धान्य देऊन पितळी सळी मिळवली, तर माणूस घट्ट काळजाचा ठरायचा. उलट, सळी देऊन धान्य घ्यावं लागलं, तर ती नामुष्की. दुष्काळासारखी वेळ आली तरच हे चालायचं.

मग ब्रिटिश आले. कर नाण्यांत भरायचा, म्हणून तीळ पिकवून विकणं आलं. १९२७ मध्ये सरकारने अदलाबदलीची लग्नं बंद केली आणि त्यांच्या जागी पैशात वधूमूल्य आणलं.

इथे सगळं बदललं. नाणं कुठल्याच कप्प्याचं नव्हतं. ते तिन्हींत फिरायला लागलं. आज याम विकायचा, उद्या त्याच पैशातून वधूमूल्य भरायचं. लोकांच्या हातात पैसा वाढला, पण लग्नाच्या मुली काही वाढल्या नाहीत, म्हणून वधूमूल्य चढत गेलं. मुलीच्या बदल्यात पैसे घेताना बापाला वाटायचं, आपण वरचं देऊन खालचं घेतोय. तिकडे ट्रक भरभरून धान्य बाहेर जायचं आणि म्हातारी मंडळी पैशाच्या नावाने बोटं मोडायची.

जेन गायर यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी विचारलं, की हे कप्पे खरंच इतके घट्ट होते का? शंका रास्त आहे. पण बोहॅनन यांचा मुद्दा विसरण्यासारखा नाही. पैसा हे नुसतं मोजमाप नसतं. कालपर्यंत ज्यांची तुलनाच होत नव्हती, त्या गोष्टी तो एकाच तराजूत आणून ठेवतो.

आपल्याकडेही असे कप्पे आहेतच. रक्त दान करायचं, विकायचं नाही. किडनीची विक्री तर कायद्यानेच गुन्हा. तुमच्या मते आणखी कोणती गोष्ट विकायला ठेवूच नये? आणि का? कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!